बोर्डावरच्या माई

माईंचा फोटो महामार्गावरच्या मोठ्या बोर्डावर लागला आहे, ही बातमी त्यांना दूधवाल्याकडून कळली. तो म्हणाला, "सगळ्या कोल्हापुरानं बघितलं तुमास्नी माई, आन् तुमीच न्हाय बघितलं व्हय?" त्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर आकारामनं त्यांना गाडीतून तिकडं नेलं. पुण्याकडून शहरात शिरताना डाव्या हाताला, रसवंतीच्या मागं, दुमजली घराएवढा बोर्ड उभा होता. त्यावर विजेवर चालणारी पांढरी शुभ्र गाडी आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हसणाऱ्या माई. खाली लिहिलं होतं, 'सत्तरीतही माझी मी! आता कुणावरही अवलंबून नाही.'

माईंना गाडी चालवता येत नव्हती.

आकारामनं आरशातून मागच्या सीटवर बघितलं. माई बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "साडीचा रंग मात्र छान आलाय." दोघं घरी परतले.

फोटो त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा होता. माईंच्या मुलाचं, अभिरामचं, उचगावजवळ महामार्गाला लागून विजेच्या गाड्यांचं शोरूम होतं. वाढदिवसाला त्यानं आईला गाडीच भेट दिली, दाराशी आणून उभी केली, वर रिबीन बांधली. 'माई, एकदा पुढच्या सीटवर बस बघू,' म्हणून फोटो काढला. तो घरातल्या अल्बमसाठी आहे असंच माईंना वाटलं होतं. पुढं कंपनीच्या लोकांना तो आवडला, आणि अभिरामनं हौसेनं देऊन टाकला. आईला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून तिला सांगितलं मात्र नाही.

माई म्हणजे कुमुद सबनीस. मोबाइल यायच्या आधी कोल्हापुरातून मुंबईला, बेळगावला ट्रंक कॉल लावायचा झाला की ज्या बायकांचा आवाज ऐकू यायचा, त्यांपैकी एक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली. घर मंगळवार पेठेत, भाड्याचं. तिथून त्या ड्यूटीला चालत जायच्या आणि येताना भाजी घेऊन चालत यायच्या. नवरा, वसंतराव, महाद्वार रोडवरच्या कापडदुकानात हिशेबनीस होता. दुकानाच्या दारात दिवसभर रिक्षा आणि टेम्पो धूर ओकायचे. वसंतरावांना दमा लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. बाप धाप लागून उशांना टेकून बसलेला अभिरामनं लहानपणापासून पाहिला होता. म्हणूनच पेट्रोलच्या गाड्यांच्या एजन्सीतली चांगली नोकरी सोडून तो विजेच्या गाड्यांकडं वळला. बिनधुराच्या गाडीवर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि गिऱ्हाइकाशी तो बोलायचा तेव्हा ते जाणवायचं.

वसंतराव गेले, पेठेतली इमारत पाडायला निघाली, तेव्हा माई मुलाकडं राहायला आल्या. पाचगावच्या पुढं, चढावर, नव्या कॉलनीत अभिरामनं बंगला बांधला होता. सून ऋता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. स्वभावानं शांत, माईंशी तिचं चांगलं जमायचं. बंगल्यात वारा भरपूर. पहाटे मोर ओरडायचे. कशाला नाव ठेवायला जागा नव्हती.

फक्त तिथून चालत कुठंही जाता येत नव्हतं. कॉलनीत दुकान नव्हतं. कॉलनीच्या फाटकाबाहेर पडलं की उताराचा रस्ता, त्याला फूटपाथ नाही, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूनं खडीचे डंपर. बसचा थांबा खाली, लांब. कडीपत्ता संपला तरी कुणीतरी गाडी काढायची. ऋताची एक गाडी, अभिरामची एक, आणि आता माईंची एक. माईंच्या गाडीला गडहिंग्लजकडचा आकाराम नेमला. तो भला माणूस होता. पण एक गोष्ट माईंच्या कधी अंगवळणी पडली नाही. देवळात जायचं तर आदल्या दिवशी सांगायचं, मैत्रिणीकडं बसावंसं वाटलं तरी खाली आकाराम ताटकळलाय म्हणून उठायचं. हळूहळू त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं. बागेत फेऱ्या मारायच्या. पाय जड व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, चालत जा. माई हसल्या.

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी संयोगिता मंगळवार पेठेतच, खासबाग मैदानाजवळ राहायची. ती घरात घसरली आणि तिच्या मनगटाला प्लॅस्टर घातलं. माईंना तिच्याकडं जायचं होतं, पण काही ना काही आडवं येत गेलं. कधी आकाराम गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला, कधी शोरूमच्या कामाला. शेवटी जायचं ठरलं त्या सकाळी आकारामचा फोन आला की गावाकडं चुलता वारला, तो निघालाय. अभिराम कंपनीच्या बैठकीत. ऋता तासावर. रिक्षावाल्यांनी फोनवर 'एवढ्या वर कोण येणार' म्हणून नकार दिला. पोर्चमध्ये पांढरी गाडी पूर्ण चार्ज होऊन उभी होती.

माईंनी पिशवीत संयोगितासाठी डिंकाचे लाडू घातले, दाराला कुलूप लावलं आणि चालायला लागल्या.

पहिला टप्पा बरा गेला. ऊन कोवळं होतं. मग वळणावर समोरून डंपर आला. माई कडेला सरकल्या. डंपरच्या घरघरीत मागून येणारी गाडी त्यांना ऐकूच आली नाही. ती विजेची गाडी होती आणि तिला आवाजच नव्हता. अगदी खांद्याशी काहीतरी मोठं पांढरं आल्यासारखं वाटलं, त्या दचकून बाजूला झाल्या आणि चरात बसल्या. पडल्या म्हणण्यापेक्षा बसल्याच. कोपर खरचटलं. लाडवांचा डबा सुटून गवतात गेला.

गाडी थांबली. आतून एक तरुण बाई धावत आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. माईंना हात देऊन तिनं उठवलं, बाटलीतल्या पाण्यानं कोपर धुतलं, पुन्हापुन्हा माफी मागितली. मग त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघून ती थबकली.

"तुम्ही बोर्डावरच्या माई ना?"

माईंनी मान हलवली.

तिचं नाव अनुजा. ती शिरोळची. सासर उसाच्या शेतीतलं, आणि ती स्वतः पाचगावच्या बाजूला एका शाळेत शिकवायला यायची; आत्ता शाळेच्याच कामानं खाली शहरात निघाली होती. एसटीच्या वेळा जुळेनात म्हणून घरात गाडीचा विषय निघाला होता. सासूबाईंचा विरोध होता. पण कोल्हापूरला येताना त्यांनी बोर्ड बघितला आणि म्हणाल्या, ही म्हातारी चालवतीया तर आपल्या सुनंला काय धाड भरली. तेव्हा गाडी आली. अनुजा हे सांगताना हसत होती, भीती ओसरल्यावर माणूस हसतं तसं. डबा शोधून तिनं माईंच्या हातात दिला आणि विचारलं, "पण तुम्ही चालत कशा काय? तुमची गाडी कुठाय?"

"घरी आहे. चार्ज होऊन उभी आहे."

"मग?"

"मला चालवता येत नाही," माई म्हणाल्या.

अनुजा हसायला गेली आणि मध्येच थांबली. तिनं माईंना गाडीत बसवलं आणि खासबागेपर्यंत गाडी फार जपून चालवली. उतरताना माईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिची काही चूक नव्हती, रस्त्यानं चालणाऱ्याला जागाच ठेवलेली नाही, असं त्या म्हणाल्या. पण जिना चढताना त्यांना चैन पडेना. आपला खोटा चेहरा दाखवून कुणाला तरी काही विकलं गेलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

"कुमुद!" दार उघडताच संयोगिता म्हणाली. बंगल्यावर त्यांना या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. दोघींनी जेवण केलं, लाडू खाल्ले, जुन्या सुपरवायझरची नक्कल करून हसल्या. ऊन कलल्यावर संयोगितानं विचारलं, येतेस का भाजीला? आणि दोघी निघाल्या, एक प्लॅस्टरवाली आणि एक खरचटलेल्या कोपराची.

कपिलतीर्थ मार्केटपर्यंतचा रस्ता काही सुखाचा नव्हता. दुकानांच्या पुढं मोटारसायकली, त्यांच्या पुढं चारचाकी, मधून रिक्षा. दोन ठिकाणी फूटपाथवरच गाड्या चढवून ठेवल्या होत्या. तरी माणसं चालत होती, आणि चालता चालता बोलत होती. पिठाच्या गिरणीवाल्यानं माईंना ओळखलं. चपलांच्या दुकानातून कुणीतरी 'सबनीसबाई' म्हणून हाक मारली. माईंनी मेथी घेतली, उगाचच. पोटऱ्या दुखत होत्या आणि ते दुखणं त्यांना बरं वाटत होतं.

अभिराम त्यांना न्यायला आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. शेजारच्या गल्लीत पोचल्याचा फोन त्यानं कधीच केला होता, पण गाडी लावायला जागा मिळेना. एका तालमीपुढं लावली तर पोरांनी काढायला लावली. त्यानं दोन फेऱ्या मारल्या, तीन मारल्या, आणि शेवटी गाडी लांब मैदानापलीकडं लावून घामाघूम होऊन तो जिना चढला. आईचं कोपर बघितलं, ते कसं खरचटलं ते ऐकलं आणि तो संतापला. चालत जायचं सुचलंच कसं, रिक्षाची वाट बघायची होती, मला बैठकीतून उठवायचं होतं. माईंनी त्याला बोलू दिलं. मग शांतपणे सांगितलं की आज मी इथंच राहते, रविवारी येते, तेव्हा बोलू.

त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट रिकामा होता. मालकीण तळमजल्यावर राहायची. तिचं नाव चिमणाबाई, शिरोळकडच्या शेतकरी घरातली. पोरं गावाकडं ऊस बघत होती आणि ती दर पुराला सामान हलवून कंटाळली म्हणून शहरात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी फ्लॅट बघितला. एक खोली, स्वयंपाकघर, रस्त्याकडं लहान गॅलरी. त्यांनी तिथंच होकार दिला. पेन्शन त्यांची स्वतःची होती. विचारायचं राहिलं ते फक्त घरच्यांना.

रविवारी बंगल्यावर जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. अभिरामनं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "आमचं काय चुकलं, माई? काय कमी केलं?"

"काही नाही रे. मला फक्त जवळ राहायचंय."

"कशाच्या?"

"भाजीच्या. संयोगिताच्या. वाटेत दोन माणसं भेटतील अशा रस्त्याच्या."

"त्यासाठीच गाडी दिली ना तुला? पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथं."

"पाहिजे तेव्हा म्हणजे आकाराम असेल तेव्हा," माई म्हणाल्या. "मी मागच्या सीटवर बसलेली असते, अभि. पेट्रोलची असो की विजेची, मागची सीट ती मागची सीट."

अभिरामनं मग वडिलांची आठवण काढली. बाबांच्या छातीत जो धूर गेला तो निदान पुढच्यांच्या छातीत जाऊ नये म्हणून मी हे करतो, असं तो म्हणाला. आवाज थोडा चढला होता आणि डोळे भरले होते.

माईंनी त्याचा हात धरला. "ते मला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमानही आहे. पण धूर गेला तरी गाडी उरतेच की. परवा तू पेठेत जागा शोधत फिरत होतास, ती विजेचीच होती. मी चरात बसले, ती गाडीही विजेचीच होती."

इतका वेळ ऋता ऐकत होती. ती म्हणाली की माईंचं बरोबर आहे. घरात माणसं तीन आणि गाड्या तीन, आणि तरी तिघांनाही कुठं जायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. तिची स्वतःची पाठ दुखायला लागली होती ती रोज गाडीत बसूनच. मग तिनं अभिरामला त्याच्याच एका वैतागाची आठवण करून दिली. कंपनीची एक लहान, हलकी गाडी होती, पेठेतल्या बोळात सहज वळणारी. ती कंपनीनं बंद केली, कारण मोठ्या गाडीत फायदा जास्त. तेव्हा अभिराम घरी येऊन चिडला होता. कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणायला एवढं धूड लागतं का, त्या बॅटरीसाठी कुठले कुठले डोंगर खणायचे आणि चार्जिंगची वीज शेवटी कोळसा जाळूनच आणायची, असं तोच म्हणाला होता.

"ते मी घरात बोललो होतो," अभिराम म्हणाला.

"घरातच खरं बोलतोस तू," ऋता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, त्यामुळं ते त्याला जास्त लागलं.

लोक काय म्हणतील, हा मुद्दा शेवटी आलाच. माई म्हणाल्या, लोकांचं मी बघते. त्यांची एकच अट होती. तो बोर्ड उतरवायचा. अभिरामनं सांगितलं की ते त्याच्या हातात नाही, जाहिरात कंपनीची आहे आणि चांगली चाललीय. माईंनी पुढं ताणलं नाही. आठवड्याभरात त्या पेठेत राहायला गेल्या. ऋतानं सुट्टी काढून स्वयंपाकघर लावून दिलं. अभिरामनं गॅलरीत दोरी बांधली आणि तो लवकर निघून गेला.

चिमणाबाईनं चौथ्या दिवशीच विचारलं. दारात उभी राहून, आडपडदा न ठेवता. "खरं सांगा माई. सुनंनं हाकललं व्हय तुमास्नी?"

"नाही हो. मीच आले. तिथून चालत कुठं जाता येत नव्हतं."

चिमणाबाईनं यावर विचार केला. "व्हय की. म्हशीला सुदिक फिरवाय लागतंय," ती म्हणाली. "चला मग. दळाण टाकाय निघालोय मी, येता?" कोल्हापूरच्या बाया बोलतात तसं ती स्वतःबद्दल 'निघालोय'च म्हणायची. त्या दिवसापासून पेठेत कुणी खोचून विचारलं तर माईंच्या आधी चिमणाबाईच उत्तर द्यायची.

बोर्ड मात्र तसाच होता. तो उतरला तो अनुजामुळं. ती गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला उचगावच्या शोरूमला आली. अभिराम स्वतः बाहेर येऊन तिच्याशी बोलला, गाडी कशी चाललीय विचारलं. गाडी उत्तम आहे, असं तिनं सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "सर, एक विचारू? माईंना खरंच चालवता येत नाही?" आणि तिनं उतारावरचा तो सकाळचा प्रसंग सांगितला. आईला चरात पाडलं ती गाडी आपल्याच शोरूमची, आणि ती आईच्याच फोटोवर विकली गेलेली, हे अभिरामला तेव्हा कळलं. माईंनी अनुजाचं नाव त्याला सांगितलंच नव्हतं.

त्यानं कंपनीच्या विभागीय साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, जाहिरात ही जाहिरात असते, लोकांना समजतं. अभिराम म्हणाला, लोकांना समजलं नाही, माझ्या गिऱ्हाइकाला समजलं नाही. बरीच वादावादी झाली, पुढच्या वेळी नव्या मॉडेलचं वाटप करताना आम्ही लक्षात ठेवू, असंही ऐकावं लागलं. पण फोटो त्याच्या आईचा होता आणि तिची संमती नव्हती, यावर तो अडून बसला. बोर्ड उतरला. थोड्याच दिवसांत त्याच जागी आणखी मोठी गाडी आणि एक हसरी तरुणी आली. ते काही त्याला थांबवता आलं नाही.

उतरवलेलं ते अवाढव्य कापड आकारामनं मागून नेलं. गडहिंग्लजजवळच्या त्याच्या गावात गोठ्यावर पावसाचं पाणी गळत होतं, त्यावर ते बसलं. म्हशीच्या डोक्यावर माई हसतायत असा फोटो त्यानं पाठवला, तेव्हा माईंना इतकं हसू आलं की त्यांनी तो संयोगिताला, चिमणाबाईला आणि गिरणीवाल्यालाही दाखवला.

अभिराम दर गुरुवारी आईकडं जेवायला यायला लागला. पहिले काही गुरुवार तो गाडीला जागा शोधण्यातच दमायचा. मग एकदा वैतागून त्यानं गाडी शोरूमलाच ठेवली आणि महामार्गावरून केएमटीची बस धरली. बस उशिरा आली, भरलेली होती, तो दाराशी लोंबकळत उभा राहिला. पण मिरजकर तिकटीला उतरला आणि मोकळ्या हातानं चालत आला. माईंनी दार उघडलं तर तो जिन्यात चिमणाबाईशी पेरूच्या भावावरून बोलत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी शोरूम नव्हतं.

तेव्हापासून तो तसाच यायचा. जेवण झाल्यावर मायलेक खासबागेभोवती एक फेरी मारायचे. चालताना त्याच्या लक्षात यायला लागलं की फूटपाथ अडवून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये आपण विकलेल्याही आहेत. एकदा तशा गाडीपुढं माईंना रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा तो खाली बघत पुढं गेला.

नंतरची कल्पना त्याचीच. कॉलनीच्या बैठकीत त्यानं मांडलं की सगळ्यांनी मिळून एक लहान विजेची बस ठेवायची. सकाळी शहरात सोडायची, दुपारी एक फेरी, संध्याकाळी परत. वर्गणी काढू, चालवायला आकाराम आहे. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही गाड्या विकणारे, तुम्हीच असं म्हणता? अभिराम म्हणाला की विजेची गाडी चांगलीच आहे, फक्त एकेका माणसाला एकेक दिली तर रस्ता कुठून आणायचा. बैठकीत भांडण झालं. काहींना शेजाऱ्याबरोबर बसणं कमीपणाचं वाटलं, एकानं तर ही नवी विक्रीची युक्ती असल्याचं सांगितलं. त्याच्या कंपनीकडं अशी बस नव्हतीच. त्यांना तसल्या गोष्टीत रस नव्हता. त्यानं दुसऱ्या कारखान्याची मिळवली आणि साहेबाचं आणखी एकदा ऐकून घेतलं. शेवटी निम्मी कॉलनी तयार झाली, निम्मी झाली नाही.

बस सुरू व्हायला पावसाळा उलटला. दरम्यान अभिरामनं माईंची पांढरी गाडी विकली. ती घेणाऱ्या जोडप्यालाही त्यानं आधी विचारलं की तुमचं घर कुठं, नोकरी कुठं, रोज लागणार आहे का. शोरूममधली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. जोडप्यानं गाडी तरीही घेतली. त्यांना खरोखर लागत होती.

पहिल्या शनिवारी माई आणि संयोगिता मिरजकर तिकटीला बस बघायला जाऊन उभ्या राहिल्या. संयोगिताचं प्लॅस्टर कधीच निघालं होतं. बस आली. आकारामनं नवा पांढरा शर्ट घातला होता आणि दोघींना बघून त्यानं उगाचच हॉर्न वाजवला. आतून कॉलनीतली दोन म्हातारी माणसं उतरली, एक लेकुरवाळी उतरली. मागून ऋता आली, केस विस्कटलेले.

"झोप लागली मला," ती म्हणाली. "रस्ताभर झोपले. माई, कितीतरी वर्षांनी मी या रस्त्यावर डोळे मिटले." ती लाजली होती आणि खुशीत होती.

अभिराम सगळ्यात शेवटी उतरला, एका आजोबांची काठी हातात घेऊन. ती त्यांना देऊन तो आईजवळ आला. माझाच धंदा मी कमी करून घेतोय, असं तो म्हणाला, पण ते सांगताना हसत होता. माई म्हणाल्या, कमी झाला तर दोन घास इथं येऊन खा.

चौघं मिळून लोणी डोसा खायला गेले. जागा मिळेपर्यंत दारात उभे राहिले. ऋताला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं, अभिरामला चपला बघायच्या होत्या, आणि सगळं तिथंच हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळं कुणाला घाई नव्हती. डोसा खाताना अभिरामनं विचारलं की संध्याकाळी काय करायचं, आम्ही थांबतो, जेवायलाच येतो.

माईंनी संयोगिताकडं बघितलं. दोघींना हसू आलं.

"संध्याकाळी आम्ही नाही," माई म्हणाल्या. "चिमणाबाईंच्या भाचीचा गाण्याचा कार्यक्रम आहे शिवाजी पेठेत. लवकर गेलं तर पुढची जागा मिळते. तुम्ही आपले आकारामच्या बसनं जा."

त्यांनी पदर खोचला, लोणी लागलेली बोटं रुमालाला पुसली आणि दोघी मैत्रिणी उठून, गर्दीतून वाट काढत, बोलत बोलत निघून गेल्या. अभिराम आणि ऋता दुसरा डोसा सांगून बसून राहिले.